मागचं हवामान पुन्हा कसं उभं करतात? सातारा-सांगलीकडून येणारे नेहमीचे प्रश्न

भूगोलाचे शिक्षक, महापुरावर प्रकल्प करणारी पोरं, द्राक्षबागायतदार आणि पठारावर पवनचक्क्यांचं काम बघणारे इंजिनिअर यांच्याकडून पुनर्विश्लेषणाबद्दल (काहीजण सरळ रीॲनालिसिस म्हणतात) तेच तेच विचारलं जातं. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. घाईत असाल तर निदान महाबळेश्वरच्या पावसाचा प्रश्न तेवढा वाचा. आपल्या भागातल्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निघतात.

पुनर्विश्लेषण म्हणजे नेमकं काय?

जुन्या काळात जगभर हवामानाच्या ज्या नोंदी झाल्या, म्हणजे वेधशाळांच्या, जहाजांच्या, फुग्यांच्या, विमानांच्या, उपग्रहांच्या, त्या सगळ्या गोळा करायच्या. मग आजच्या घडीचं एक हवामान मॉडेल (वातावरणाची समीकरणं सोडवणारा संगणकातला प्रोग्राम) घ्यायचं, ते जुन्या तारखेपासून पुढे चालवत आणायचं आणि वाटेत त्या त्या वेळच्या नोंदींनी त्याला सतत दुरुस्त करत राहायचं. यातून साऱ्या पृथ्वीच्या वातावरणाचा सलग इतिहास हाती येतो. कुठल्याही जागी, जमिनीपासून वरपर्यंत, तासातासाला दाब किती होता, वारा कुठून होता, तापमान आणि बाष्प किती होतं, हे त्यात बघता येतं.

१९७२ च्या दुष्काळाचं बघा. त्या जुलैत अरबी समुद्राच्या मधोमध, दीड किलोमीटर उंचीवर पश्चिमेचा वारा किती जोराने वाहत होता? तिथे मोजायला कोणीच नव्हतं. तरी या पद्धतीने त्याचं बऱ्यापैकी भरवशाचं उत्तर मिळतं, कारण आसपासच्या नोंदी आणि भौतिकशास्त्राचे नियम मिळून त्या वाऱ्याला फारशी मोकळीक ठेवत नाहीत.

म्हणजे ही मोजणी आहे की अंदाज?

धड मोजणीही नाही आणि धड अंदाजही नाही. नोंदी भरपूर असतील तिथे मोजणीच्या जवळ जाते, नसतील तिथे मॉडेलच्या समजुतीवर चालते. नकाशा मात्र दोन्हीकडे सारखाच गुळगुळीत दिसतो आणि खरी फसगत तिथेच होते.

हवामान खात्यांकडे रोजचे जुने नकाशे आहेतच की. मग पुन्हा खटाटोप कशाला?

रोजच्या अंदाजासाठी वापरलं जाणारं मॉडेल दर एक-दोन वर्षांनी सुधारतं. जुने नकाशे ओळीने लावून पाहिले की मधेच वारा वाढल्यासारखा किंवा हवा दमट झाल्यासारखी दिसते. प्रत्यक्षात हवामान होतं तसंच असतं, बदललेलं असतं ते मॉडेल. हवामानबदल शोधणाऱ्याला असला दस्तऐवज कुचकामाचा. म्हणून पुनर्विश्लेषणात एकच मॉडेल गोठवून सगळी वर्षं त्याच्याकडूनच करून घेतात.

ही कल्पना १९८८ मध्ये ठामपणे मांडणाऱ्या दोन शास्त्रज्ञांपैकी एक आपल्याकडचे आहेत. लेनार्ट बेंग्टसन यांच्याबरोबरचे जगदीश शुक्ला मूळचे उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या खेड्यातले. त्याआधी १९७९ मध्ये वर्षभराचा एक जागतिक हवामान प्रयोग झाला होता. त्याचाच मान्सूनसाठीचा भाग म्हणजे मोनेक्स. एवढ्या नोंदी एकदम हाती आल्यावर त्या नीट, एकाच पद्धतीने लावाव्यात ही ओढ तिथूनच वाढली. पुढे अमेरिकेत युजेनिया काल्ने आणि सहकाऱ्यांनी चाळीस वर्षांचं पुनर्विश्लेषण हाती घेऊन १९९६ मध्ये त्यावर शोधनिबंध छापला, आणि नंतर ते १९४८ पर्यंत मागे नेलं. युरोपीय केंद्राने (मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं, आद्याक्षरांनी ईसीएमडब्ल्यूएफ) आधी ईआरए-१५, मग ईआरए-४०, मग ईआरए-इंटरिम आणि आता ईआरए-५ काढलं. जपानची जेआरए ही मालिका आहे, नासाचं मेरा-२ आहे. खाली 'ईआरए-५' हे नाव वारंवार येईल, कारण आज सगळ्यात जास्त वापर त्याचाच आहे: १९४० पासून आजपर्यंत, दर तासाला, सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळीवर, जमिनीपासून साधारण ८० किलोमीटर उंचीपर्यंत १३७ थरांत.

मॉडेल आणि नोंदी यांची सांगड कशी घालतात?

याला डेटा ॲसिमिलेशन म्हणतात. हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे, तेव्हा थोडं सावकाश घेऊ.

सुरुवात मॉडेलच्या छोट्या पल्ल्याच्या अंदाजाने होते. ईआरए-५ मध्ये काळाचे १२-१२ तासांचे तुकडे पाडले आहेत. आधीच्या तुकड्याच्या शेवटी वातावरण जसं होतं तिथून मॉडेल पुढे चालतं आणि सांगतं की, उदाहरणार्थ, पहाटे साडेपाचला साताऱ्यावर दाब इतका, वर पाच किलोमीटरवर तापमान इतकं असायला हवं. ही झाली पहिली अटकळ. मग त्या १२ तासांतल्या खऱ्या नोंदी समोर ठेवतात. अटकळ आणि नोंद यांत फरक निघतोच. आता कोणाचं किती ऐकायचं?

इथे वजनाचा हिशेब येतो. मॉडेल त्या जागी, त्या ऋतूत साधारण किती चुकतं याचा अंदाज असतो. उपकरण किती चुकतं याचाही असतो. ज्याची चूक लहान त्याचं वजन जास्त. नोंद फारच विचित्र असेल, समजा मे महिन्यात सांगलीत ४ अंश सेल्सिअस, तर ती बाजूला टाकली जाते. बाकीच्या लक्षावधी नोंदी एकाच वेळी विचारात घेऊन प्रश्न असा सोडवतात: या तुकड्याच्या सुरुवातीला वातावरण कसं असतं, तर तिथून मॉडेल चालवल्यावर १२ तासांतल्या सगळ्या नोंदींच्या जास्तीत जास्त जवळून गेलं असतं? लांबी, रुंदी, उंची आणि चौथा काळ, म्हणून या पद्धतीचं नाव फोर-डी-व्हार.

यातून दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे एका जागेची नोंद आसपासचंही चित्र सुधारते. एखाद्या किनाऱ्यावर दाब अपेक्षेपेक्षा कमी निघाला तर नुसता तिथला दाब बदलत नाही, भोवतालचा वाराही बदलतो, कारण दाब आणि वारा एकमेकांना बांधलेले आहेत. दुसरं, किती खात्री बाळगायची याचा आकडाही मिळतो. ईआरए-५ मध्ये मुख्य चित्राबरोबर जरा जाड जाळीवर दहा समांतर आवृत्त्या चालवल्या आहेत. त्या दहांत एकवाक्यता असेल तिथे निर्धास्त राहावं, दहा तोंडं दहा दिशांना असतील तिथे जपून बोलावं. ही दहा आवृत्त्यांची फाईल फारसं कोणी उघडत नाही. प्रकल्प करणाऱ्यांनी तरी उघडावी.

यात कसल्या कसल्या नोंदी जातात?

जमिनीवरचा दाब, समुद्रावरचे वारे, फुग्यांनी वर नेलेल्या उपकरणांची तापमानं आणि आर्द्रता (हे फुगे जगभर ठरलेल्या वेळांना सोडतात, आपल्या घड्याळात त्या वेळा पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या येतात), तरंगते बोये, प्रवासी विमानं आणि सगळ्यात मोठ्या संख्येने उपग्रह. उपग्रह तापमान मोजत नाही. वेगवेगळ्या तरंगलांबींवर खालून किती किरणं येतात तेवढंच तो मोजतो, आणि मॉडेलला विचारतात की तुझं वातावरण खरं असतं तर उपग्रहाला किती किरणं दिसली असती. २०२० च्या मार्चनंतर विमानं जमिनीवर बसली तेव्हा त्या नोंदी एकदम आटल्या, आणि उपग्रह व फुग्यांवर जास्त भिस्त ठेवावी लागली.

दाबाबद्दल एक जाता जाता. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब रोज सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या आसपास उतरतो. ही वातावरणातली भरती-ओहोटी ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मोजली आणि १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर निबंध छापला. आज ईआरए-५ मधून साताऱ्याच्या जागेचा तासातासाचा दाब काढून आलेख मांडा, तीच लाट दिसते. शाळेच्या प्रयोगाला याहून स्वस्त आणि चांगलं काही नाही.

आमच्या गावच्या पर्जन्यमापकाची नोंद त्यात गेलेली असते का?

नाही. हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. ईआरए-५ मध्ये पावसाची जमिनीवरची मोजणी आपल्याकडची घेतलेलीच नाही. अमेरिकेतल्या रडार आणि पर्जन्यमापकांच्या एकत्रित नोंदी २००९ पासून घेतल्या आहेत, तेवढाच अपवाद. आपल्याला दिसतो तो पाऊस मॉडेलने स्वतः पाडलेला असतो. वारा, बाष्प आणि तापमान नोंदींनी दुरुस्त केलेलं, पण त्यातून ढग कसे बनले, पाऊस कुठे आणि किती पडला, हे मॉडेलच्या समीकरणांचं काम.

महाबळेश्वरचा पाऊस इतका कमी का दाखवतात? नोंदी खोट्या आहेत का?

नोंदी खऱ्या आहेत. २३ जुलै २०२१ ला सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आटपाडी-जतकडे कित्येकदा अख्ख्या वर्षात तेवढा पडत नाही. त्या दिवसाचा पुनर्विश्लेषणाचा आकडा त्याशेजारी ठेवला की माणूस वैतागतो. तो का वैतागतो हे समजून घेण्यासारखं आहे.

ईआरए-५ ची जाळी आपल्या अक्षांशावर साधारण २६ ते २८ किलोमीटर बाजूच्या चौकोनांची मिळते, आणि मॉडेल आतून चालतं ते ३१ किलोमीटरवर. आता आपला भूगोल बघा. महाबळेश्वरपासून वाई सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटर. पश्चिमेला कडा सरळ कोकणात उतरतो. एवढ्या पट्ट्यात समुद्रसपाटीपासून थोडीशीच उंच असलेली पोलादपूरची बाजू, १३०० मीटरच्या वरचं महाबळेश्वर आणि पर्जन्यछायेतली वाई, तिन्ही येतात. मॉडेलला यांची सरासरी उंची कळते. त्याच्या जगात सह्याद्री हा कडा नाहीच, लांबवर पसरलेला एक उतार आहे.

घाटमाथ्यावरचा पाऊस तर कड्यामुळेच पडतो. अरबी समुद्रावरून बाष्पाने लादलेला वारा येतो, भिंतीला थडकतो, एका दमात वर चढतो, थंड होतो आणि ओझं टाकतो. उतार सौम्य केला की चढाई सौम्य, चढाई सौम्य की पाऊस कमी आणि तोही पसरट. म्हणून मॉडेल माथ्यावर कमी पाऊस पाडतं आणि राहिलेलं बाष्प पूर्वेला ढकलतं. त्यामुळे उलटी तक्रारही येते की माण-खटावकडे न पडलेला रिमझिम पाऊस का दाखवतात. मॉडेलला रिमझिम फार आवडते ही सगळ्याच मॉडेलांची जुनी खोड आहे. कोरड्या दिवसांची मोजणी करायची असेल तर शून्याऐवजी एक किंवा अडीच मिलिमीटरची मर्यादा धरावी लागते ती याचसाठी.

त्यात आणखी एक घोळ म्हणजे आपण तुलना करतो ती एका पर्जन्यमापकाची आणि शेकडो चौरस किलोमीटरच्या सरासरीची. मॉडेल अचूक असतं तरी दोन्ही आकडे जुळले नसते. महाबळेश्वर आणि पाचगणी यांत रस्त्याने वीसेक किलोमीटरचं अंतर, पण पाचगणीचा वर्षाचा पाऊस महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी. दोन्हींना एकच आकडा कसा लागू पडेल?

मात्र त्याच जुलैचा वारा आणि बाष्प पुनर्विश्लेषणात काढा. पश्चिमेकडून येणारा झोत किती जोरकस होता, किती दिवस टिकला, हे स्वच्छ दिसतं. आमचं मत असं, की घाटातल्या पावसाचं कारण शोधायला पुनर्विश्लेषण वापरावं आणि प्रमाण सांगायला पर्जन्यमापक.

मग पावसासाठी काय वापरावं?

पहिली पसंती भारतीय हवामान खात्याच्या जाळीबद्ध दैनिक पावसाला. १९०१ पासूनचा, पाव अंशाच्या जाळीवर, सहा हजार नऊशेहून अधिक पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून बनवलेला आणि पुण्याच्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत. हे पुनर्विश्लेषण नाही, नुसत्या मोजणीचं जाळीत केलेलं वाटप आहे. सगळे पर्जन्यमापक सगळी वर्षं चालू नव्हते, तेवढं ध्यानात ठेवावं.

दुसरं, इमडा. आपलं राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र (नोएडा), ब्रिटनचं हवामान कार्यालय आणि आपलं हवामान खातं यांनी मिळून भारतीय मान्सूनसाठी केलेलं प्रादेशिक पुनर्विश्लेषण. १९७९ पासून, १२ किलोमीटरच्या जाळीवर. सह्याद्री त्यात बराच सह्याद्रीसारखा दिसतो. मान्सूनवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ईआरए-५ बरोबर हेही लावून पाहावं, दोघांत फरक पडला तर तोच लिहिण्याजोगा मुद्दा असतो.

ईआरए-५-लँड या नऊ किलोमीटरच्या मालिकेबद्दल सावध राहा. जाळी बारीक दिसते, पण तिला पाऊस दिलाय तो जाड जाळीवरच्या ईआरए-५ चाच, फक्त मधल्या जागा भरून. माती आणि तापमानासाठी ती चांगली आहे. घाटातल्या पावसाबद्दल मात्र तिच्याकडे नवं काही सांगण्यासारखं नाही.

अलीकडच्या वर्षांतल्या एखाद्या ढगफुटीसारख्या घटनेसाठी रडार उत्तम. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं एक रडार मांढरदेवला आहे आणि ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा महाबळेश्वरला.

२०१९ च्या महापुराबद्दल यातून काय कळतं? कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे सांगलीत पाणी तुंबतं का, हा वाद मिटेल का?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. हे पाणी आलं कुठून, या प्रश्नाच्या आकाशातल्या भागाचं उत्तर पुनर्विश्लेषण चांगलं देतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वायव्य बंगालच्या उपसागरात एक तीव्र कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ओडिशाकडे सरकलं, त्याने अरबी समुद्रावरचा पश्चिम वारा ओढून घेतला, आणि तो झोत दिवसामागून दिवस आपल्या घाटावर आदळत राहिला. एका दिवसाच्या मुसळधारेपेक्षा हे न थांबणं जास्त घातक होतं. २००५ आणि २०२१ शेजारी ठेवून बघा, प्रत्येक पुराचं वाऱ्याचं चित्र थोडं वेगळं निघतं.

पण पाऊस जमिनीवर पडल्यानंतरचं विचाराल तर हे साधन गप्प बसतं. ईआरए-५ च्या जगात कृष्णा वाहत नाही. कोयना धरण किती भरलं होतं, वारणेतून किती विसर्ग झाला, दारं कधी उघडली, अलमट्टीचा फुगवटा कुठवर आला, पूररेषेत किती बांधकाम आहे, यातलं काही त्याला ठाऊक नाही. त्यासाठी नदीचं वेगळं मॉडेल लागतं. ग्लोफास या जागतिक पूर यंत्रणेत ईआरए-५ चं हवामान नदीच्या मॉडेलला देऊन जुना विसर्ग काढलेला आहे, तो पाहता येतो. पण घाटाचा पाऊस मुळात कमी धरलेला, त्यामुळे त्यातला कोयनेचा आकडा वादात पुरावा म्हणून फडकवू नका. अलमट्टीचा वाद नदीच्या पातळीच्या आणि विसर्गाच्या प्रत्यक्ष नोंदींवरच चालवावा लागेल, दोन्ही राज्यांच्या.

सांगलीत आता एवढी बागायत झाली. ती मॉडेलला कळते का?

थेट नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी मॉडेलच्या मातीत कोणी सोडत नाही. मात्र जमिनीलगतच्या तापमानाच्या आणि आर्द्रतेच्या नोंदी मातीतल्या ओलाव्याची दुरुस्ती करायला वापरतात, त्यामुळे उसाच्या पट्ट्यातला गारवा मागल्या दाराने थोडासा आत शिरतो. किती शिरतो हा एखाद्या विद्यार्थ्यासाठी फार छान विषय आहे.

किती मागे जाता येतं? १८७६ च्या दुष्काळापर्यंत?

जाता येतं, पण जसजसं मागे जावं तसं चित्र विरळ होतं. १९७९ नंतरचं सगळ्यात भरवशाचं, कारण १९७८ च्या अखेरीपासून वातावरणाचे थर पाहणारे उपग्रह सलग मिळाले. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून फुग्यांचं जाळं वाढलं. १९४० च्या दशकात नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या, आणि आपल्या बाजूचं चित्र मॉडेलच्या भरवशावर.

त्याही मागे जायला अमेरिकेत एक वेगळी युक्ती केली. नोंदींपैकी फक्त हवेचा दाब घ्यायचा, समुद्राचं तापमान पुरवायचं आणि बाकी सगळं मॉडेलला काढायला लावायचं. एकाऐवजी ८० आवृत्त्या चालवायच्या, म्हणजे अनिश्चितता उघड दिसते. 'विसाव्या शतकाचं पुनर्विश्लेषण' असं नाव असलं तरी त्याची तिसरी आवृत्ती १८३६ पासून २०१५ पर्यंतची आहे. १८७७ चा प्रचंड एल निनो आणि १८७६-७८ च्या दुष्काळात सातारा-सोलापूर होरपळत असताना भारतावर दाबाची रचना कशी होती, ते त्यात पाहता येतं. खटाव तालुक्यात तेव्हाच्या एखाद्या जुलैत पाऊस किती, असं मात्र विचारू नये.

शिवकाळाबद्दलही बरेच विचारतात. तेव्हाचा दाब मोजणारं कोणी इथे नव्हतं, तेव्हा रोजचं हवामान मिळणार नाही. झाडांच्या वर्षवलयांवरून मान्सून आशियाचा एक दुष्काळ-नकाशासंग्रह २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १३०० सालापासूनचे उन्हाळी-पावसाळी हंगाम कोरडे की ओले ते सांगितलंय. महाराष्ट्रातली झाडं त्यात कितीशी असणार, तेव्हा तोही लांबून पाहिलेला देखावा.

तापमानवाढ दाखवायला हे चालतं का?

जागतिक पातळीवर चालतं, आणि रोज चालवलं जातं. २०२४ हे वर्ष औद्योगिक काळाआधीच्या सरासरीपेक्षा १.६० अंशाने जास्त उष्ण होतं, हा कोपर्निकस या युरोपीय हवामान सेवेचा आकडा ईआरए-५ वरूनच काढलेला. (१८५० ते १९०० ची पायाभूत सरासरी मात्र इतर नोंदींतून घ्यावी लागते, कारण ईआरए-५ १९४० ला सुरू होतं.)

एका गावाच्या तीस-चाळीस वर्षांच्या कलाबद्दल बोलताना हात राखून बोलावं. मॉडेल गोठवलेलं असलं तरी नोंदी गोठवता येत नाहीत. नवा उपग्रह आला, जुना बंद पडला, की आकड्यांत बारीकशी पायरी पडू शकते आणि ती हवामानबदल म्हणून खपून जाते. आलेखात उडी दिसली की आधी त्या वर्षी नोंदींत काय बदललं ते पाहावं.

पाण्याच्या हिशेबाचंही असंच. मॉडेल जमाखर्च चोख ठेवतं, पण दर बारा तासांनी नोंदी येऊन लेखापरीक्षकासारख्या वहीत दुरुस्तीच्या नोंदी घालून जातात. त्यामुळे वर्षअखेरीला पाऊस, बाष्पीभवन आणि वाऱ्याने आणलेलं बाष्प यांची बेरीज तंतोतंत जुळत नाही. ती जुळली नाही म्हणून तुमची गणितं तपासत बसू नका.

पवनचक्क्यांसाठी याचा काय उपयोग?

फार मोठा. वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर किंवा ढालगावच्या बाजूला नवी जागा बघायची तर मास्ट (वारा मोजायचा उंच खांब) उभारून वर्षभर वारा मोजतात. पण ते वर्ष नेमकं वाऱ्याचं होतं की मंद, हे कसं कळणार? म्हणून मास्टच्या वर्षभराच्या नोंदी आणि त्याच वर्षाचं पुनर्विश्लेषण यांचा संबंध बसवतात, आणि मग तोच संबंध मागच्या वीस-तीस वर्षांना लावतात. ईआरए-५ मध्ये १०० मीटर उंचीचा वारा थेट मिळतो.

पठाराच्या कडेवर वेग कमीच दाखवला जातो, कारण तेच, मॉडेलमध्ये कडा नाही. चढ-उतार मात्र चांगले जुळतात, आणि या पद्धतीला चढ-उतारच हवे असतात.

द्राक्षबागेला उपयोग होईल का?

रोजच्या फवारणीच्या निर्णयाला नाही. ईआरए-५ पाचेक दिवस मागे असतं, आणि डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) काही पाच दिवस थांबत नाही. त्यासाठी बागेतलं किंवा महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र आणि हवामान खात्याचा अंदाज.

पण ऑक्टोबर छाटणी कधी घ्यावी याचा विचार करायला जुना काळ कामाचा आहे. तासगाव-कवठेमहांकाळच्या बाजूला ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्रभर हवा दमट राहण्याचे दिवस दशकागणिक वाढले का? डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला झाला तसला अवकाळी पाऊस आधी कितीदा झाला, आणि त्यावेळी अरबी समुद्रावर काय चाललं होतं? रात्रीचं तापमान आणि दवबिंदू यांवरून यातलं बरंच काढता येतं. तासगाव परिसराचं सर्वसाधारण चित्र मिळेल. ओढ्याकाठची बाग आणि माळावरची बाग यांतला फरक मात्र तुम्हीच सांगू शकता.

पीक विम्याच्या दाव्याला हे जोडता येतं का?

नाही. योजनेत ठरवून दिलेल्या केंद्राची नोंद किंवा पंचनामा लागतो.

डेटा कुठून घ्यायचा, आणि लोक कुठे अडकतात?

ईआरए-५ कोपर्निकसच्या क्लायमेट डेटा स्टोअरवर नोंदणी करून मोफत मिळतं, श्रेयाचा उल्लेख तेवढा करावा लागतो. फाईल ग्रिब किंवा नेटसीडीएफ या प्रकारातली असते. पायथॉन या संगणकभाषेतलं एक्सरे (xarray) हे पॅकेज थोडं येत असेल तर काम सोपं. सगळी पृथ्वी मागवू नका, अक्षांश १६ ते १९ आणि रेखांश ७३ ते ७६ एवढा तुकडा पुरतो.

अडकायच्या जागा ठरलेल्या आहेत. तापमान केल्विनमध्ये असतं, २७३.१५ वजा करा. पाऊस मीटरमध्ये असतो, हजाराने गुणा. पोरं 'पाऊस शून्यच दिसतोय' म्हणून फोन करतात ते यामुळे. पावसापुढे लिहिलेली वेळ म्हणजे संपलेला तास. आणि सगळ्यात मोठा घोळ घड्याळाचा. वेळ ग्रीनिचची असते, म्हणजे त्यांचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो, तर आपल्या पर्जन्यमापकाचा दिवस सकाळी साडेआठला. तीन तासांचा फरक न सांभाळता दैनिक पावसाची तुलना केली, तर पहाटेची मुसळधार चुकीच्या तारखेला जाऊन बसते. डोंगरावरच्या गावाचं तापमान घेताना मॉडेलने तिथली उंची किती धरलीय तेही काढा. ती खऱ्यापेक्षा ६०० मीटरने कमी निघाली, तर दर किलोमीटरला साडेसहा अंश या हिशेबाने सुमारे चार अंशांचा फरक तिथेच पडतो.

एआयचे नवे हवामान अंदाज यावरच शिकलेत म्हणे?

खरं आहे. गूगल डीपमाइंडचं ग्राफकास्ट, हुआवेचं पांगू, युरोपीय केंद्राचं एआयएफएस, ही सगळी प्रामुख्याने ईआरए-५ च्या काही दशकांवर शिकली आहेत. २०२५ च्या पावसाळ्यात केंद्रीय कृषी मंत्रालयाने मान्सूनच्या आगमनाचे एआय अंदाज शेतकऱ्यांच्या मोबाइलवर पाठवले, त्यामागची मॉडेलंही याच पठडीतली. गुरूला घाटातला पाऊस नीट येत नसेल तर शिष्याला आपोआप कुठून येणार, एवढं लक्षात ठेवून त्यांचे पावसाचे आकडे घ्यावेत.

आमच्याकडे आजोबांच्या वेळची पावसाची रजिस्टरं आहेत. ती कोणाच्या कामाची आहेत का?

आहेत. त्यात हवेचा दाब लिहिलेला असेल तर फारच, कारण जुन्या काळाचं पुनर्विश्लेषण दाबावरच उभं आहे. साखर कारखाने, जुनी संस्थानी दप्तरं, शाळा, मिशन दवाखाने, पाटबंधारे बंगले अशा ठिकाणी असली रजिस्टरं सापडतात. पाऊस असेल तरी उपयोगाचाच. तो मॉडेलमध्ये गेला नाही तरी मॉडेलची परीक्षा त्यावरच घेतात.

पानं सुटी करू नका, मुखपृष्ठासह आणि कोऱ्या पानांसह सरळ वरून फोटो काढा. शेरे, खाडाखोड, 'गेज गळका' असलं काही लिहिलेलं असेल तर तेही टिपा. आकडे इंच आणि सेंटमध्ये असतील तर तसेच उतरवा, मिलिमीटर शेजारच्या रकान्यात करा (एक इंच म्हणजे १०० सेंट, म्हणजेच २५.४ मिलिमीटर). वेळ कुठली होती ते शोधा: भारतीय प्रमाणवेळ १९०६ ला आली, पण मुंबई वेळ, म्हणजे ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढची, मुंबईत १९५५ पर्यंत चालू होती, आणि रेल्वेच्या लोकांनी मद्रास वेळ धरलेली असू शकते. पर्जन्यमापक कुठे ठेवला होता, झाड किंवा भिंत जवळ होती का, हे घरातल्या जाणत्या माणसाला विचारून तारखेसह लिहून ठेवा. आणि सकाळी वाचलेला पाऊस त्याच तारखेला मांडायचे की आदल्या दिवसाच्या नावावर मांडायचे, हे पहिल्या पानावरच लिहा. दोन्ही पद्धती चालत आल्या आहेत, आणि नंतर ते कोणालाच ओळखता येत नाही.